भुताच्या घराचा हप्ता

भुताचा सिनेमा पाहणारा माणूस मध्यंतराच्या आधीच कुरकुरायला लागतो: ही मंडळी घर सोडून जात का नाहीत? भिंतीतून रक्त पाझरतंय, रात्री तीनला दारं आपटतायत, धाकटी मुलगी कुणा न दिसणाऱ्या मैत्रिणीशी गप्पा मारतेय, आणि आईबाप मात्र सकाळी उठून नेहमीच्या कामाला लागतायत. एडी मर्फीनं १९८३ च्या ‘डेलिरियस’ या आपल्या एकपात्री कार्यक्रमात नेमकी हीच कुरकुर उचलली. गोरी कुटुंबं भुताच्या घरात ठाण मांडून का बसतात, असा त्याचा सवाल होता. काळं जोडपं घराचं कौतुक करत आत शिरेल, पण घरानं ‘चालते व्हा’ म्हटलं की त्याच पावली परत फिरेल, असं तो रंगवून सांगतो. जॉर्डन पीलनं २०१७ मध्ये आपल्या भयपटाला ‘गेट आउट’ हे नाव दिलं, त्यामागे हाच विनोद होता.

मर्फीच्या डोळ्यांसमोर दोन सिनेमे होते, ‘पोल्टरगाइस्ट’ आणि ‘द ॲमिटिव्हिल हॉरर’. त्यातला दुसरा, १९७९ चा, या लेखाचा मुख्य विषय. सिनेमा म्हणून तो थोर वगैरे नाही. समीक्षकांनी तेव्हाच त्याला झोडपलं होतं आणि त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. पण माणसं भुताचं घर का सोडत नाहीत, याचं उत्तर त्याच्याइतक्या उघडपणे कुणी दिलेलं नाही. त्यांचे पैसे त्या घरात अडकलेले असतात.

गोष्ट सुरू होते ती खऱ्याखुऱ्या खुनांपासून. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला समुद्रात लांबवर पसरलेलं लाँग आयलंड हे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲमिटिव्हिल नावाचं टुमदार गाव. तिथल्या ओशन अव्हेन्यूवर डीफिओ कुटुंबाचं मोठं डच पद्धतीचं घर होतं, मागे खाडीचं पाणी, नावेसाठी वेगळी शेड, पोहण्याचा तलाव. अंगणात ‘हाय होप्स’ अशी पाटी. १३ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे २३ वर्षांच्या थोरल्या मुलानं, रोनाल्ड डीफिओ ज्युनियरनं, रायफलीनं आईवडील आणि चार भावंडं अशा सहाजणांना ते बिछान्यात असतानाच गोळ्या घातल्या. सगळ्यात धाकटा भाऊ ९ वर्षांचा होता. खटल्यात वकील विल्यम वेबर यांनी आरोपी वेडसर असल्याचा बचाव घेतला, आवाज ऐकू येत असल्याचं सांगितलं गेलं. ज्यूरीनं ते मानलं नाही. डिसेंबर १९७५ मध्ये त्याला सहा जन्मठेपा झाल्या आणि २०२१ मध्ये तो कैदेतच मेला.

शिक्षेला दोन आठवडे होतात न होतात तोच, १८ डिसेंबर १९७५ ला, जॉर्ज आणि कॅथी लुट्झ हे नवविवाहित जोडपं कॅथीच्या तीन मुलांना घेऊन त्या घरात राहायला आलं. किंमत ८०,००० डॉलर. खुनांमुळे भाव उतरला होता आणि तसं घर एरवी त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. खून झाल्याचं दलालानं त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. डीफिओंचं काही फर्निचरही त्यांनी आणखी ४०० डॉलर देऊन घरासोबतच घेऊन टाकलं. मेलेल्या माणसांच्या खाटा वापरायला धैर्य लागतं की काटकसर, हे ज्यानं त्यानं ठरवावं. २८ दिवसांनी, १४ जानेवारी १९७६ ला, लुट्झ कुटुंब सामान तिथंच टाकून निघून गेलं ते परत आलं नाही.

त्या २८ दिवसांत काय घडलं, हे जे ॲन्सन यांच्या १९७७ च्या पुस्तकात आहे. मुखपृष्ठावर ‘सत्यकथा’ असं ठणकावलेलं. पुस्तक तडाखेबंद खपलं. पण त्यातल्या गोष्टी तपासायला लोक निघाले तेव्हा एकेक खिळा निखळू लागला. बर्फात उमटलेले खुरांचे ठसे पुस्तकात आहेत. हवामान खात्याच्या नोंदींत त्या दिवशी जमिनीवर बर्फच नाही. शिनेकॉक टोळीचे आदिवासी आपल्या वेड्या-आजारी माणसांना या जागेवर आणून सोडत, असं पुस्तक म्हणतं. त्या टोळीची वस्ती बेटाच्या बरीच पूर्वेकडे होती. शेवटी वेबर वकिलांनीच सांगून टाकलं, की दारूच्या बाटल्या रिचवत आपण आणि लुट्झ दांपत्यानं मिळून ही गोष्ट रचली. वकिलाला अशिलासाठी नवा खटला हवा होता, भूत हाताशी लागलं तर उत्तमच. पैशाच्या वाटणीवरून मग त्यांचंही फाटलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. १९७९ मध्ये संघराज्य न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी लुट्झ यांचे दावे फेटाळताना, हे पुस्तक बऱ्याच अंशी कल्पित दिसतं, असं मत नोंदवलं.

लुट्झ दांपत्यानं मात्र मूळ गोष्ट मरेपर्यंत सोडली नाही. दोघं लाय डिटेक्टरच्या चाचणीतही उत्तीर्ण झाले, तिला मुळात किती अर्थ असतो हा प्रश्न बाजूला ठेवला तर. माझा स्वतःचा कल असा, की त्या घरात ते खरोखरच घाबरले असावेत. सहा खून झालेलं घर, भर हिवाळा, तीन मुलं, नवा संसार आणि डोक्यावर न पेलणारं कर्ज. एवढ्यावर माणसाची झोप उडायला भूत लागत नाही.

बँकेनं ते घर परत ताब्यात घेतलं आणि मार्च १९७७ मध्ये दुसऱ्या एका जोडप्याला विकलं. किंमत ५५,००० डॉलर. सव्वा वर्षात २५,००० डॉलरनं भाव पडला होता. त्या जोडप्याला तिथं कधी भूत दिसलं नाही. त्रास झाला तो पुस्तक वाचून, सिनेमा पाहून दिवसरात्र येणाऱ्या बघ्यांचा. त्यांनी लुट्झ, लेखक आणि प्रकाशक यांच्यावर दावा लावला, तो तडजोडीनं मिटला.

आता सिनेमा. तो काढला अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सनं. स्वस्तातले, झटपट सिनेमे काढून ड्राइव्ह-इन थिएटरांत चालवणारी ही कंपनी. दिग्दर्शक स्टुअर्ट रोझेनबर्ग, ‘कूल हँड ल्यूक’वाले. जॉर्जच्या भूमिकेत जेम्स ब्रोलिन, कॅथीच्या भूमिकेत मार्गो किडर. ‘सुपरमॅन’मधली लॉइस लेन म्हणून ती वर्षभरापूर्वीच घराघरांत पोचली होती. ॲमिटिव्हिलच्या कारभाऱ्यांनी चित्रीकरणाला परवानगी नाकारली, म्हणून न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर इथलं एक घर निवडून त्यावर सुतारकाम केलं गेलं. मूळ घराच्या माळ्यावर होत्या तशा दोन पाव वर्तुळाच्या खिडक्या तिथं नव्यानं बसवल्या, कारण सगळी भीती त्या खिडक्यांत होती. रात्री आत दिवे लावले की घर डोळे वटारून बघतं. पोस्टरवर दुसरं काही दाखवण्याची गरजच नव्हती. लालो शिफ्रिन यांनी पार्श्वसंगीतात लहान मुलांच्या आवाजातली अंगाईसारखी धून वापरली आणि त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. ‘द एक्सॉर्सिस्ट’च्या दिग्दर्शकानं सहा वर्षांपूर्वी याच शिफ्रिनचं संगीत नाकारलं होतं, हे इथं आठवतं.

बाकीचा मसाला ओळखीचा. घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्र्यावर माश्यांचा थवा तुटून पडतो आणि ‘निघून जा’ असा आवाज येतो. रॉड स्टायगरनं हा पाद्री इतक्या जोरात केलाय, की माश्यांची कीव यावी. तळघरात लाल रंगाची चोरखोली सापडते. संडासातून काळा चिकट द्रव वर येतो. जॉर्ज रोज पहाटे सव्वातीनला दचकून उठतो. मुलाच्या बोटांवर खिडकी पडते. एक ना दोन. यातलं बरंचसं आज हसू आणतं.

पण मध्येच एक प्रसंग येतो आणि त्यात भूत जवळजवळ नाहीच. कॅथीच्या भावाचं लग्न असतं. स्वागतसमारंभाच्या केटररला द्यायचे १५०० डॉलर रोख त्याच्या कोटाच्या खिशात असतात. निघायच्या वेळी बघतो तर पैसे गायब. सगळं घर पालथं घालतात. मिळत नाहीत. लग्नाच्या दिवशी अब्रू जायची वेळ, शेवटी जॉर्ज आपल्या खात्याचा चेक फाडतो. रात्री घरी परतल्यावर तो दिवाणखान्यात पुन्हा शोधायला लागतो, फर्निचर उलथंपालथं करतो, आणि हाती येते ती फक्त बँकेनं नोटांच्या गड्डीला गुंडाळलेली कागदी पट्टी. ब्रोलिनचा त्या वेळचा चेहरा पाहावा. सैतानाशी झुंजणाऱ्या माणसाचा नाही तो, महिनाअखेरीचा हिशेब न जुळणाऱ्या माणसाचा आहे.

हे सगळ्यात आधी नीट ओळखलं ते स्टीफन किंग यांनी. १९८१ मध्ये आलेल्या ‘डान्स मकाब्र’ या भयकथांवरच्या पुस्तकात त्यांनी या सिनेमाचं खरं भय आर्थिक आहे असं म्हटलंय. त्यांनी तो थिएटरात पाहिला तेव्हा मागे बसलेली एक बाई भिंती, जिने, खिडक्या यांची वाताहत बघून पुन्हापुन्हा पुटपुटत होती, की केवढी बिलं येतील यांना! किंगचा मुद्दा आजही टिकतो. १९७९ ची अमेरिका आठवा. इराणमधल्या क्रांतीनंतर तेल भडकलेलं, महागाईचा दर ११ टक्क्यांच्या वर, गृहकर्जाचे व्याजदरही त्याच घरात, आणि पुढच्या दोनच वर्षांत ते १८ टक्क्यांवर जायचे होते. थिएटरात बसलेल्या कितीतरी कुटुंबांनी नुकतंच आपल्या ऐपतीबाहेरचं घर घेतलेलं. जॉर्जला सतत थंडी वाजते, तो दिवसभर कुऱ्हाडीनं लाकडं फोडतो आणि शेकोटीत घालतो. पडद्यावर हे घरानं झपाटल्याचं लक्षण आहे. मला तरी त्यात इंधनाच्या बिलानं धास्तावलेला घरमालक दिसतो. त्या पट्ट्यातली घरं हिवाळ्यात तेल जाळूनच ऊबदार ठेवायची. धंद्यातला भागीदार कामं खोळंबल्याची तक्रार घेऊन येतो, ते निराळंच.

सुमारे ४७ लाख डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमानं एकट्या अमेरिकेत ८ कोटी ६० लाख डॉलरच्या वर धंदा केला. कंपनीच्या इतिहासातलं ते सर्वांत मोठं यश होतं.

तीन वर्षांनी आलेला ‘पोल्टरगाइस्ट’ हा याच विषयावरचा अधिक हुशार सिनेमा. निर्मिती आणि पटकथेत स्टीव्हन स्पीलबर्ग, दिग्दर्शक टोबी हूपर. इथं जुनं, बदनाम घर नाही. कॅलिफोर्नियात एका बिल्डरनं वसवलेल्या एकसारख्या घरांच्या नव्याकोऱ्या वसाहतीत फ्रीलिंग कुटुंब राहतं, आणि बाप त्याच बिल्डरची घरं विकणारा सेल्समन. पाच वर्षांची मुलगी टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्यांशी बोलते आणि एका रात्री कपाटातून पलीकडच्या जगात ओढली जाते. कारण काय? वसाहत दफनभूमीवर उभी आहे. आता आदिवासींच्या शापाची गोष्ट येणार असं आपल्याला वाटतं, तेवढ्यात बिल्डर स्वतःच खुलासा करतो, की तसं काही नाही, साधीच माणसं पुरलेली होती. आपण दफनभूमी हलवली असं तो सांगत आलेला असतो. हलवलेले असतात फक्त थडग्यांवरचे दगड. प्रेतं खालीच ठेवून वर घरं बांधलेली असतात, कारण उकरून हलवायला पैसे पडतात. बिल्डरनं वाचवलेला खर्च भूत होऊन घर घेणाऱ्याच्या जमिनीतून वर येतो, आणि सेल्समन म्हणून तीच घरं इतरांच्या गळ्यात बांधणारा बापही त्यात सामील असतो. ‘ॲमिटिव्हिल’कडे एवढं डोकं नव्हतं.

घर स्वस्त मिळतंय म्हणजे पाणी मुरतंय, हा संशय सिनेमाच्या कितीतरी आधीचा. रोमन लेखक धाकटा प्लिनी यानं इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात अथेन्समधल्या एका वाड्याची हकीकत आहे. रात्री साखळदंडांचा आवाज यायचा, बेड्या घातलेला म्हातारा फिरायचा, त्यामुळे वाडा ओस पडलेला. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ शहरात आला, त्यानं वाड्याची जाहिरात वाचली आणि किंमत एवढी कमी का, म्हणून चौकशी केली. खरं कारण कळल्यावर त्यानं तो वाडा आवर्जून भाड्यानं घेतला. रात्री म्हातारा आला, खुणेनं बोलावू लागला. हा लिहीत बसला होता, त्यानं हातानंच ‘थांब जरा’ म्हणून खुणावलं आणि लेखन चालू ठेवलं. मग उठून त्याच्यामागे गेला. म्हातारा अंगणात जिथं नाहीसा झाला तिथं दुसऱ्या दिवशी खणलं, तर साखळ्यांत अडकलेली हाडं निघाली. रीतसर अंत्यविधी झाला आणि वाडा शांत झाला. त्याच्याही सुमारे तीनशे वर्षं आधीच्या, रोमन नाटककार प्लॉटसच्या एका प्रहसनात तर भूत निव्वळ थाप म्हणून येतं. मालक परदेशी असताना पोरानं घरात चैन केलेली, कर्ज करून ठेवलेलं. मालक अचानक परततो तेव्हा बिलंदर गुलाम त्याला दारातच सांगतो, की घरात भूत आहे, आत जाऊ नका. तेवढ्यात सावकार वसुलीला येतो. भूत, घर आणि कर्ज ही तिघं इथपासून एकत्र आहेत.

ॲमिटिव्हिलच्याच राज्यात पुढं या त्रिकुटाचा न्यायनिवाडाही झाला. न्यूयॉर्कजवळच्या नायॅक गावातलं एक घर साडेसहा लाख डॉलरला विकायचं ठरलं, घेणाऱ्यानं ३२,५०० डॉलर विसार दिला. मग त्याला कळलं, की या घरात भुतं असल्याचं मालकीणबाईंनीच ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणलंय. बाहेरगावचा असल्यामुळे त्याला पत्ता नव्हता. ‘स्टॅम्बोव्हस्की विरुद्ध ॲकली’ या नावानं तो खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. १९९१ मध्ये अपील न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की ज्या बाईंनी जगजाहीर भूत असल्याचं सांगितलं त्यांना आता ते नाकारता येणार नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीनं हे घर झपाटलेलं आहे आणि खरेदीदाराला सौदा मोडता येईल. निकालपत्रात न्यायमूर्तींनी भुतांवर कोट्या करून घेतल्या आहेत. पुढं न्यूयॉर्क राज्यानं कायदाच केला, की घरात खून किंवा आत्महत्या झाली असेल तर ते आपणहून सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक नाही. म्हणजे लुट्झना दलालानं जे सांगितलं, ते आज तो न सांगताही घर विकू शकतो.

आपल्याकडे हे गणित सगळ्यात नेमकं मांडलं ते राम गोपाल वर्मांच्या २००३ च्या ‘भूत’नं. अजय देवगण आणि उर्मिला मातोंडकर हे जोडपं मुंबईच्या एका उंच इमारतीत फ्लॅट घेतं. भाडं हास्यास्पद कमी. आधीची भाडेकरू त्या घरात मेलीय हे नवऱ्याला कळतं, पण मुंबईत एवढा मोठा फ्लॅट एवढ्या भाड्यात सोडायचा कसा? तो बायकोला सांगतच नाही. तिथून पुढं जे होतं त्याचं बीज या एका न सांगण्यात आहे. मुंबईत ज्यानं घर शोधलंय त्याला नवऱ्याचा राग येईल, पण आश्चर्य वाटणार नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) तर ही सगळी मांडणीच उलटवतो. कोकणातला वाडा झपाटलेला आहे हे नायकाला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि तो सोन्याच्या नाण्यांसाठी पुन्हापुन्हा आपल्या पायांनी तिथं उतरतो. त्याला घर सोडून जायचंच नाहीये.

‘ॲमिटिव्हिल’ नावाचे सिनेमे त्यानंतर डझनांनी निघाले. ते गावाचं नाव असल्यामुळे त्यावर कुणाची मालकी चालत नाही, आणि ज्याच्याकडे कॅमेरा आहे तो ते वापरतो. मूळ घर अजून उभं आहे, पण क्रमांक बदललाय, त्या डोळ्यांसारख्या खिडक्या काढून साध्या चौकोनी बसवल्यात, आणि त्यानंतर ते अनेकदा विकलं गेलंय. २००५ मध्ये रायन रेनॉल्ड्सला घेऊन सिनेमा नव्यानं काढला. त्यात छायाचित्रण चकचकीत आहे, भुतं जास्त आहेत, तळघरात आदिवासींचा छळ करणाऱ्या धर्मोपदेशकाचा इतिहास जोडून प्रत्येक गोष्टीला कारणही पुरवलंय. पण हप्त्याची धास्ती त्यात मागे पडलीय आणि तिच्याबरोबर सिनेमातला जीवही. पाहायचाच झाला तर १९७९ चा पाहा, निदान त्या १५०० डॉलरच्या प्रसंगासाठी. त्यानंतर लगेच ‘पोल्टरगाइस्ट’ लावा. २००५ चा वगळला तर काही चुकवल्यासारखं होणार नाही.